काळ्या दगडाच्या खाणीत वाया जाणारा माल कमी कसा करावा आणि उरलेला कसा वापरावा

महाराष्ट्राच्या पठारी भागातील बहुतेक दगडखाणी बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातील काळ्या दगडाच्या आहेत आणि त्यांतील बराचसा दगड खडीसाठीच फोडला जातो. अशा कोणत्याही खाणीच्या मागच्या अंगाला गेले, की तीन गोष्टी हमखास दिसतात : डस्टचा, म्हणजे खडी फोडताना पडणाऱ्या बारीक मालाचा, वाढत जाणारा ढीग, मातीत कालवलेल्या मुरमाचे उंचवटे आणि दगड पहिल्यांदा फोडणाऱ्या जॉ क्रशरच्या तोंडात न मावल्यामुळे बाजूला लोटलेले गोटे. हा सारा माल काढायला डिझेल, ड्रिलिंग, स्फोटके आणि मजुरी लागलेली असते. शिवाय तो ज्या जागेवर पडून असतो, ती जागाही पुढे खणण्याच्या कामाची असते आणि एक दिवस तोच ढीग पुन्हा पैसे मोजून हलवावा लागतो.

या ढिगांतील बहुतेक माल मुळात टाकाऊ नसतो, दुसऱ्या मालात मिसळल्यामुळे तो टाकाऊ होतो. स्वच्छ मुरमाला भरावासाठी गिऱ्हाईक असते, स्वच्छ डस्टला ब्लॉक कारखान्यांकडून मागणी असते. पण मुरूम मिसळलेली डस्ट यांपैकी कोणीच घेत नाही. म्हणून खाणीतील नासाडी कमी करण्याचे काम फेसवर, म्हणजे दगड काढला जातो त्या उभ्या कड्यावर, अगदी वरच्या मातीच्या थरापासून सुरू करावे. ढीग तयार झाल्यावर त्याचे काय करायचे, हा प्रश्न त्यानंतरचा. खालील सूचना क्रशर जोडलेल्या लहान व मध्यम खाणींना समोर ठेवून दिल्या आहेत.

आधी हिशेब, तोही टनात

खाणीत किती माल वाया जातो, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी ब्रासमध्ये उत्तर मिळते आणि ते जवळजवळ नेहमी फसवे असते. ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. परंतु फेसमधील अखंड दगडाचा एक घनमीटर साधारण २.८ ते २.९ टनांचा असतो आणि फुटल्यावर तोच दगड सुमारे दीडपट जागा व्यापतो. त्यामुळे फेसमधील ब्रास, हायवातील, म्हणजे डंपरमधील, ब्रास आणि ढिगातील ब्रास या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची एकमेकींतून वजाबाकी करून काढलेल्या घटीला अर्थ नसतो. वजनकाटा असेल तर सगळा हिशेब टनात ठेवावा आणि पावसाळ्यात डस्ट पाणी धरते, हे लक्षात घेऊन तिच्या ओलाव्याची नोंद वेगळी करावी.

क्रशरमधून कोणता माल किती निघतो, हे पाहण्याची एक जुनी आणि बिनखर्चाची रीत आहे. प्लांट नेहमीच्या भाराने चालू असताना तो एकदम थांबवावा, विजेचा मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप घालावे आणि मगच बेल्टवरील बरोबर एक मीटर लांबीतला माल ब्रशने झाडून पोत्यात भरावा व तोलावा. समजा, मुख्य बेल्टवर एका मीटरमध्ये १८ किलो माल भरला आणि बेल्टचा वेग सेकंदाला १.५ मीटर आहे, तर सेकंदाला २७ किलो, म्हणजे ताशी सुमारे ९७ टन माल जात आहे. त्याच वेळी तितक्याच वेगाच्या डस्टच्या बेल्टवर एका मीटरमध्ये ६ किलो भरले, तर ताशी ३२ टन डस्ट पडते, म्हणजे फोडलेल्या दगडाचा एक तृतीयांश भाग डस्ट होत आहे. हे मोजमाप प्रत्येक बेल्टवर करावे आणि जाळ्या, लायनर (क्रशरच्या आतील झिजणाऱ्या प्लेटा) किंवा फेस बदलला की पुन्हा करावे. हा आकडा हाती असल्याशिवाय क्रशरच्या सेटिंगला हात लावणे म्हणजे अंधारात तीर मारणे होय.

वरचा थर उचलताना

सर्वांत वर असलेली माती, मग ती काळी असो वा तांबडी, एकदाच आणि स्वतंत्रपणे उचलावी. ती ओली असताना उचलली तर तिची ढेकळे होतात आणि पोत बिघडतो, म्हणून हे काम पावसाळ्याआधी किंवा दिवाळीनंतर करणे बरे. तिचा ढीग दोन मीटरपेक्षा उंच करू नये. उंच ढिगाच्या पोटात हवा खेळत नाही आणि मातीतील जीव संपतो. ढिगावर ताग किंवा धैंचा पेरला, तर माती धुपतही नाही आणि सकसही राहते. ही माती विकण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु खाण बंद करताना कड्यात टप्प्याटप्प्याने सोडलेल्या पायऱ्यांवर झाडे लावायला तीच लागते आणि तेव्हा ती बाहेरून विकत आणावी लागते.

मातीखालचा मुरूम आणि त्याखालचा कुजका, पिवळसर पडलेला दगड हे दोन वेगळे थर आहेत आणि त्यांचे ढीगही वेगळे असावेत. मुरूम भरावाला व शेतरस्त्यांना चालतो. कुजका दगड दाबाखाली भुगा होतो, म्हणून तो रस्त्याच्या वरच्या थरांत कदापि जाऊ देऊ नये, पण खाणीतले अंतर्गत रस्ते आणि सखल जागा भरायला तो पुरेसा ठरतो.

काळ्या दगडाच्या खाणीत याहून अधिक त्रास देतो तो दोन लाव्हाथरांच्या मधला तांबडा, गेरूसारखा पट्टा. काही ठिकाणी तो वीतभर असतो, काही ठिकाणी पुरुषभर. पाण्यात तो विरघळल्यासारखा होतो, आणि तो खडीबरोबर क्रशरमध्ये गेला की सगळ्या डस्टला चिकटपणा येतो. रस्त्याच्या तळथरासाठी, म्हणजे जीएसबीसाठी, केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांप्रमाणे ४२५ मायक्रॉनखालील मालाचा चिकटपणा दाखवणारा प्लास्टिसिटी इंडेक्स ६ पेक्षा कमी आणि लिक्विड लिमिट (माल पातळ होऊ लागतो तेव्हाचे पाण्याचे प्रमाण) २५ पेक्षा कमी लागते; या पट्ट्यातला थोडासा मालही ही मर्यादा ओलांडायला पुरतो. तेव्हा फेसवर असा पट्टा दिसला की त्याच्या वरची आणि खालची पायरी वेगवेगळी उडवावी आणि पट्टा मधल्या वेळेत पोकलेनने खरवडून काढावा. सुपरवायझरने चुन्याने किंवा रंगाने फेसवर रेषा मारून दिली, तर पोकलेनचालकाला अंदाजाने काम करावे लागत नाही.

त्याचप्रमाणे ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात, तो सच्छिद्र दगड आणि घट्ट काळा दगड एका हायवात भरू नयेत. मांजऱ्या दगड पाणी अधिक शोषतो आणि त्याची खडी लवकर झिजते. तो भिंतीच्या पायातील भरणीला किंवा सोलिंगला वापरता येतो. काँक्रीटच्या खडीत मिसळला तर मात्र चांगल्या मालाचीही पत घालवतो.

सुरुंगाची आखणी

सुरुंग चुकला की एकाच वेळी दोन्ही बाजूंनी तोटा होतो. छिद्राजवळचा दगड गरजेपेक्षा बारीक होतो आणि दोन छिद्रांमधला न फुटलेला भाग गोट्यांच्या रूपाने खाली येतो. डस्ट आणि गोटे दोन्ही जास्त निघत असतील, तर बहुधा स्फोटक कमी पडलेले नसते. ते चुकीच्या जागी पडलेले असते. पुढचे सारे बदल स्फोटके नियम, २००८ नुसार परवाना असलेल्या ब्लास्टरनेच ठरवायचे आहेत; खाणमालकाने त्याच्याशी कोणत्या गोष्टी बोलाव्यात, एवढेच येथे सांगितले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे बर्डन, अर्थात छिद्रांच्या ओळीपासून मोकळ्या फेसपर्यंतचे अंतर. काळ्या दगडात ते सर्वसाधारणपणे छिद्राच्या व्यासाच्या २५ ते ३० पट धरले जाते, म्हणजे १०० मि.मी. छिद्राला अडीच ते तीन मीटर. परंतु हे अंतर कागदावर नीट असून उपयोग नाही. मागच्या स्फोटाने फेस वर आत आणि पायथ्याशी बाहेर आलेला असेल, तर खाली बर्डन चार मीटर आणि वर दीड मीटर होते. मग वरचा दगड उडतो आणि पायथ्याशी टणक ठोकळा तसाच उभा राहतो. म्हणून छिद्रांची खूण करण्याआधी फेसचा पायथा साफ करून प्रत्येक छिद्रासमोरचे अंतर खरोखर मोजावे.

दुसरी गोष्ट स्टेमिंगची. छिद्राचा वरचा भाग, बर्डनच्या साधारण सात दशांशापासून पूर्ण बर्डनइतक्या लांबीचा, बंद करायचा असतो. बहुतेक जण ड्रिलिंगमधून निघालेली भुकटीच पुन्हा त्यात लोटतात, कारण ती हाताशी असते. ती स्फोटाच्या दाबाने पिचकारीसारखी वर उडते आणि ऊर्जा हवेत जाते. तिच्याऐवजी छिद्राच्या व्यासाच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतकी कोनदार कच वापरावी. १०० मि.मी. छिद्राला ५ ते १० मि.मी. कच चालते आणि ती क्रशरवर पडूनच असते. ती छिद्रात एकमेकींत अडकून बसते, दाब आत राहतो आणि दगड अधिक समान फुटतो. उरलेल्या मालाचा खाणीतच होणारा हा सगळ्यांत स्वस्त उपयोग म्हणावा लागेल.

तिसरी गोष्ट सब-ड्रिलिंगची. पायरीच्या तळाखाली जास्त खोल छिद्र पाडले, तर खालच्या पायरीचा माथा आधीच चिरफाळतो आणि पुढच्या वेळी ड्रिल अडकते, वरचा माल ढिसूळ निघतो. बर्डनच्या तीन दशांशाहून अधिक खोल जाण्याचे कारण सहसा नसते, आणि तळाशी आडवी सांध असेल तर त्याचीही गरज पडत नाही.

गोट्यांना पुन्हा सुरुंग लावू नये

मोठ्या गोट्यांना छोटे छिद्र पाडून दुसरा सुरुंग लावण्याची पद्धत अजूनही दिसते. तीत दगड दूरवर उडतात आणि जवळच्या वस्तीशी भांडणे होतात. रॉक ब्रेकरने गोटे फोडणे सुरक्षितही आहे आणि त्यात बारीक मालही कमी होतो. मात्र ब्रेकर चालवण्याआधी गोट्यांची निवड करावी. ज्या गोट्याला सरळ चेहरा आहे, ज्यात तडा किंवा मांजऱ्याचा पट्टा नाही आणि ज्याची लांबी-रुंदी पाचरीने फोडण्याजोगी आहे, तो ब्रेकरखाली घालणे म्हणजे उघड नुकसान आहे. असा दगड सराईत हाताच्या कारागिराकडे गेला, तर त्यातून खांडकी, पायरीचे दगड, कुंपणाचे खांब किंवा पाटे निघतात. वडार समाजातील पाथरवट दगडाची नस पाहून छिन्नीची रेघ ओढतात आणि पाचर ठोकून दोन फाका करतात. या कामात चुरा जवळजवळ निघत नाही. दर आठवड्याला एक दिवस त्यांना खाणीत निवडीसाठी बोलावून नगावर दर ठरवला, तर ब्रेकरचे तासही वाचतात.

उरलेल्या टणक गोट्यांपैकी १५० ते २५० मि.मी. आकाराचे गॅबियनसाठी, म्हणजे दगड भरलेल्या तारेच्या पेट्यांसाठी, बाजूला काढावेत. गॅबियनच्या तारेची जाळी साधारण १०० बाय १२० मि.मी. असते, म्हणून त्याहून लहान दगड तिच्यातून निसटतात. त्याच मापाचा माल ओढ्यातील दगडी बांधांना आणि तलावाच्या पिचिंगला (उतारावरील दगडी अस्तराला) लागतो. मृद व जलसंधारणाची कामे उन्हाळ्यात चालतात, म्हणून हा ढीग हिवाळ्यातच तयार ठेवून संबंधित कार्यालयाला नमुन्यासह कळवावे. कुजका दगड यात एकही जाऊ देऊ नये. दोन पावसाळ्यांत त्याची माती होते आणि अख्खी जाळी खचते.

क्रशरच्या तोंडापाशी

फेसवरून येणाऱ्या प्रत्येक हायवात थोडी माती आणि थोडा बारीक माल असणारच. तो जॉ क्रशरच्या आधी वेगळा झाला नाही, तर पुढे प्रत्येक जाळीतून जाऊन अखेरीस डस्टमध्ये उतरतो. यासाठी फीडरला ग्रिझली, म्हणजे समांतर सळयांची चाळण, असावी आणि तिच्याखालचा माल बायपास बेल्टने स्वतंत्र ढिगात पडावा. अनेक प्लांटांत ही सोय असते, पण बायपासची झडप मुख्य बेल्टकडेच वळवून ठेवलेली असते, कारण तेवढाच माल वाढल्यासारखा दिसतो. हायवातून माती आलेली दिसताच ती झडप बायपासकडे वळवण्याची जबाबदारी एका माणसाकडे नावानिशी द्यावी. बायपासचा माल घट्ट दगडाचा असेल तर चाचणी करून जीएसबीत जातो, मातकट असेल तर भरावात.

जॉ क्रशरनंतरचा दुय्यम कोन क्रशर अर्धवट भरलेला चालला, की दगड एकमेकांवर न आपटता लोखंडावर आपटून फुटतो आणि चपटी, लांबट खडी निघते. भारतीय मानक आयएस ३८३ : २०१६ नुसार काँक्रीटच्या खडीत चपटे आणि लांबट मिळून ४० टक्क्यांपेक्षा जास्त तुकडे चालत नाहीत आणि रस्त्याच्या वेट मिक्स थराला (पाणी घालून मिसळलेल्या खडीच्या थराला) ही मर्यादा ३५ टक्के आहे. म्हणजे अशी खडी नाकारली गेली, तर ती पुन्हा फोडावी लागते आणि त्यातून पुन्हा डस्ट होते. कोन काठोकाठ भरलेला ठेवण्यासाठी मधला हॉपर आणि त्याखालचा वेग बदलणारा फीडर यांवर केलेला खर्च लवकर वसूल होतो. व्हीएसआय यंत्राने, म्हणजे दगड वेगाने फेकून आपटवणाऱ्या क्रशरने, आकार सुधारतो हे खरे, पण ते बारीक मालही अधिक काढते. वाळू बनवायची असेल तरच त्यातून सगळा माल फिरवावा.

जाळ्या फाटलेल्या असल्या की खडीत मोठे तुकडे येतात, आणि चिकट मालाने बुजल्या की बारीक माल खडीबरोबर जातो. रोज सकाळी प्लांट सुरू होण्याआधी जाळीवरून एकदा हात फिरवला तरी पुरते. धूळ दाबण्यासाठी पाण्याचे फवारे बेल्ट जिथे माल सोडतो तिथे असावेत. जाळीवर पाणी पडू लागले की ती बुजते.

डस्टचा प्रश्न

सगळ्यांत मोठा ढीग डस्टचा असतो आणि तिच्याविषयीचा सगळ्यांत मोठा गैरसमज हा की ती चाळली की एम-सँड, म्हणजे दगडापासून केलेली कृत्रिम वाळू, होते. ४.७५ मि.मी.च्या जाळीखाली जसा पडेल तसा माल म्हणजे डस्ट. तिच्यात कण कोनदार व चपटे असतात आणि दगडाचे पीठ भरपूर असते. वाळू म्हणून ती चालायची, तर कणांचा आकार व्हीएसआयने सुधारावा लागतो आणि जास्तीचे पीठ हवेच्या झोताने किंवा पाण्याने काढावे लागते. दगड फोडून केलेल्या वाळूत १५० मायक्रॉनखालील माल २० टक्क्यांपर्यंत आणि ७५ मायक्रॉनखालील माल १५ टक्क्यांपर्यंत चालतो, अशी मुभा आयएस ३८३ : २०१६ मध्ये आहे. नदीच्या वाळूपेक्षा ही मुभा बरीच मोठी आहे आणि तिचे कारणही समजण्याजोगे आहे : दगडाचे पीठ मातीसारखे फुगत नाही. मात्र ते पीठ खरोखर दगडाचेच असले पाहिजे.

हे ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लू चाचणी करतात. खाणीवर तिच्या आधी करता येण्यासारखी साधी परीक्षा अशी. २०० मि.लि.च्या काचेच्या मोजपात्रात एक टक्का मिठाचे पाणी ५० च्या खुणेपर्यंत घ्यावे, त्यात १०० च्या खुणेपर्यंत डस्ट टाकावी, मग १५० पर्यंत तेच पाणी भरून तोंड बंद करावे आणि जोराने हलवून पात्र तीन तास सपाट जागेवर ठेवावे. वर बसलेला थर किती जाड आहे, हे पाहावेच. पण त्याहून त्याचा रंग आणि वरचे पाणी पाहावे. घट्ट काळ्या दगडाचे पीठ करडे असते आणि त्यावरचे पाणी बऱ्यापैकी निवळते. थर तांबूस असेल आणि पाणी तीन तासांनंतरही गढूळ राहिले, तर फेसवरून माती किंवा तो गेरूचा पट्टा येत आहे, आणि मग दुरुस्ती क्रशरवर नव्हे, फेसवर करायची आहे. तितक्याच उपयोगाची दुसरी खूण म्हणजे चिमूटभर ओली डस्ट तळहातावर चोळून वाळू द्यावी : पीठ झटकले की निघून जाते, मातीचा डाग राहतो.

वाळू करण्याइतकी गुंतवणूक शक्य नसेल, तरी स्वच्छ डस्टला अनेक वाटा आहेत. वेट मिक्स मॅकॅडममध्ये बारीक भाग म्हणून ती लागतेच. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटचे भरीव व पोकळ ब्लॉक हे तिचे मोठे गिऱ्हाईक. आणि कोराडी, चंद्रपूर, परळी, एकलहरे, दीपनगर अशा औष्णिक वीज केंद्रांच्या आसपासचे राखविटांचे कारखाने राखेत डस्ट मिसळतात. जलवाहिनी किंवा केबलच्या चरात तळाला व बाजूंना आणि पेव्हर ब्लॉकखालच्या गादीसाठी ती चांगली बसते. धूळसंकलन यंत्रात जमणारे अगदी बारीक, कोरडे पीठ वेगळे साठवावे. डांबरी मिश्रणात फिलर (पोकळ्या भरणारे पीठ) म्हणून वापरायचे, तर त्यातील ८५ टक्के किंवा अधिक भाग ७५ मायक्रॉनखाली जावा लागतो आणि प्लास्टिसिटी इंडेक्स ४ च्या आत राहावा लागतो. ब्लॉक कारखान्याला डस्ट देताना तिचे चाळणी-विश्लेषण सोबत द्यावे. आज एक आणि उद्या दुसरी डस्ट गेली, की त्यांचे सिमेंटचे प्रमाण चुकते आणि ते दुसऱ्या खाणीकडे वळतात. सातत्य राखलेल्या साध्या डस्टला अधूनमधून मिळणाऱ्या उत्तम डस्टपेक्षा बाजारात अधिक किंमत येते.

ढीग कसा रचला, यावरही बरेच अवलंबून असते. एका उंच बेल्टवरून शंकूच्या आकारात पडत गेलेल्या ढिगात जाड कण कडेने घरंगळून पायथ्याला जमतात आणि बारीक माल मधोमध राहतो. मग त्याच ढिगातून भरलेल्या दोन गाड्यांत दोन निराळे माल जातात. शक्य असेल तिथे बेल्टची उंची कमी ठेवावी, ढीग थराथराने पसरावा आणि लोडरने एका बाजूच्या उभ्या कापातून भरावे. ढिगाखालची जागा कठीण करून उतार द्यावा आणि तळाचा वीतभर थर कायम तिथेच राहू द्यावा. लोडरच्या बकेटने तळ खरवडला की जमिनीची माती वर येते आणि मग आतापर्यंतची सारी काळजी पाण्यात जाते.

वाळू धुण्याची व्यवस्था असेल, तर गाळाचे पाणी ओढ्यात सोडू नये. ते खालच्या शेतात जाऊन जमिनीवर पापुद्रा धरते आणि मग तक्रारी येतात, त्याही योग्यच. एकापुढे एक तीन-चार टाक्या बांधून पाणी निवळवावे व पुन्हा धुलाईला घ्यावे. प्लांट मोठा असेल तर गाळ दाट करणारा थिकनर आणि त्यातील पाणी दाबून काढणारा फिल्टर प्रेस बसवावा. उरलेला केक, म्हणजे दाबून घट्ट झालेला गाळ, खाणीच्या संपलेल्या भागात भरावासाठी वापरता येतो, मात्र तो मुरमासोबत थर देऊन दाबावा, नाहीतर पावसाळ्यात वाहून जातो.

पोकळीतील स्फटिक

काळ्या दगडाच्या पोकळ्यांत स्टिल्बाइटसारखे झिओलाइट आणि त्यांच्या सोबतीचे ॲपोफिलाइट असे स्फटिक सापडतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतील निळे कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत पोचले आहे आणि सिन्नरचे गारगोटी संग्रहालय अशाच नमुन्यांवर उभे आहे. तरीही बहुतेक खाणींत पोकळी उघडली, की आतला माल गोट्यांबरोबर क्रशरमध्ये जातो. फेसवर पोकळी दिसली तर ब्रेकर थांबवून पोकळीभोवतीचा दगड सुरक्षित झाल्यावरच हाताने नमुने काढावेत, कागदात गुंडाळावेत आणि आपल्या परवान्यात त्यांची विक्री बसते का, हे जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याला विचारूनच पुढचे पाऊल टाकावे.

कागदपत्रे आणि सुटे भाग

उरलेला माल म्हणून त्याला परवाना लागत नाही, असा समज घातक आहे. मुरूम, गोटे, डस्ट हे सारे गौण खनिज आहे आणि खाणीबाहेर नेताना महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व नियमन) नियम, २०१३ नुसार स्वामित्वधन आणि वाहतूक परवाना लागतो. अनधिकृत उत्खनन वा वाहतुकीला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. ज्या दगडाचे स्वामित्वधन एकदा भरले, त्याच दगडाच्या डस्टची वाहतूक कोणत्या नोंदीवर दाखवायची, हे लेखी विचारून ठेवावे. एम-सँडबाबत राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केले असून पात्र प्रकल्पांना प्रति ब्रास ६०० रुपयांऐवजी २०० रुपये स्वामित्वधन ठेवले आहे. वाळू प्रकल्पाचा हिशेब मांडताना हा फरक धरावा.

दगडाखेरीज जो कचरा निघतो, त्याची व्यवस्था थोडक्यात सांगता येते. जॉ प्लेट एका टोकाला झिजली की उलटी करून लावावी. फाटलेल्या बेल्टच्या पट्ट्या माल घसरत जाणाऱ्या शूटच्या आतून आणि बेल्टच्या कडेला माल सांडू न देणारे स्कर्टिंग म्हणून लावाव्यात. जळके तेल रस्त्यावरची धूळ दाबायला कधीही टाकू नये. ते घातक कचऱ्यात मोडते आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे लागते.

खड्डा

खाणीचा संपलेला भाग हीदेखील उरलेली वस्तूच आहे आणि तिचा उपयोग तळाचा दगड पाहून ठरवावा. तळ घट्ट, बिनतड्याच्या काळ्या दगडाचा असेल तर पाणी साठून राहते आणि पुढे धूळ दाबायला, धुलाईला किंवा आसपासच्या शेतीला वापरता येते. तळ सांधांचा किंवा मांजऱ्याचा असेल तर पाणी मुरते. अशा खड्ड्यात गाळ व केक भरून सांधी बुजवण्यापेक्षा पावसाचे स्वच्छ पाणी तिकडे वळवणे खालच्या विहिरींच्या दृष्टीने फायद्याचे असते. दोन्ही परिस्थितींत घरगुती कचरा किंवा कारखान्याचा माल तिथे टाकू देऊ नये. भरायचाच असेल, तर सुरुवातीला वेगळा ठेवलेला कुजका दगड खाली, त्यावर मुरूम आणि सर्वांत वर जपून ठेवलेली माती, असा क्रम ठेवावा. वरच्या पायऱ्यांवर साधारण फूटभर माती टाकून सुबाभळीऐवजी शक्य तेवढी गावातलीच काटक झाडे लावावीत, हे माझे मत. सुबाभळ तर एकदा रुजली की शेजारच्या शेतातही पसरते.

पाणी साठवायचे ठरले, तर उभ्या भिंतींच्या काठाने कुंपण, पाण्यात सहज उतरता-चढता येईल असा एका बाजूचा रॅम्प आणि खोली लिहिलेला फलक या तिन्ही गोष्टी पाणी भरण्याआधी झाल्या पाहिजेत. खाणीच्या खड्ड्यात तळ दिसत नाही, काठाला धरायला काही नसते आणि उन्हाळ्यात गावची मुले पोहायला येतात. कुंपणासाठी विकत काही आणण्याची गरज नाही : बाजूला काढलेले मोठे गोटे काठापासून दोन मीटर आत ओळीने मांडले आणि त्यांच्यामागे बाभळीचे काटे लावले, तरी गाडी आणि गुरे थांबतात.